करंट कोणी कमी करायचा? डीबीएसनंतर बदललेल्या एका रुग्णाचे ठाण्यातील प्रकरण

पार्श्वभूमी

मेंदूत तारा बसवून विजेचे सूक्ष्म धक्के देण्याच्या उपचाराचे, म्हणजे डीबीएसचे, हे प्रकरण ठाण्यातील एका खासगी रुग्णालयातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून त्यांचा उल्लेख येथे श्री. क. असा केला आहे. मी या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करत होते. पथकात न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, मानसोपचारतज्ज्ञ आणि यंत्राचे प्रोग्रामिंग करणारी परिचारिका असे इतर सदस्य होते.

श्री. क. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे गृहस्थ. ते पत्नीसह पाचपाखाडीत राहतात. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करतो, तर विवाहित मुलगी नाशिकला असते. पार्किन्सन्सचे निदान होऊन अकरा वर्षे झाली होती. सिंडोपा या लेव्होडोपा असलेल्या औषधाच्या एका गोळीचा असर शेवटी शेवटी दोन तासही टिकत नसे. गोळी चढली की मान आणि खांदे आपोआप वळवळत, आणि उतरली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. जोडीला प्रामिपेक्सोल हे औषध चालू होते.

या आजारात आवाज बारीक होतो, तसे अक्षरही बारीक होत जाते. श्री. क. यांची सही इतकी आकसली की बँकेने ‘सही जुळत नाही’ म्हणून त्यांचे दोन चेक परत केले. तेव्हापासून घरातील सगळे पैशांचे व्यवहार मुलगा पाहू लागला. कोणी तसे ठरवले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

औषधांनी भागेना तेव्हा डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, करण्याचे ठरले. फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या पद्धतीला आधुनिक रूप दिले. मेंदूच्या खोल भागातील सबथॅलॅमिक न्यूक्लियस या लहानशा केंद्रात दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार बसवतात. तारेच्या टोकाशी विजेचे चार संपर्कबिंदू असतात आणि छातीत कातडीखाली बसवलेल्या यंत्रातून त्यांना सेकंदाला साधारण १३० वेळा सूक्ष्म धक्के दिले जातात. कोणता बिंदू चालू ठेवायचा आणि किती मिलिअँपिअर करंट द्यायचा, हे बाहेरून बदलता येते. रुग्णाकडेही एक रिमोट असतो. डॉक्टरांनी आखलेल्या मर्यादेत तो स्वतः करंट थोडा कमी-जास्त करू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या सर्व तपासण्या रीतसर झाल्या. स्मृती उत्तम होती, नैराश्य सौम्य होते आणि लेव्होडोपाला मिळणारा प्रतिसाद समाधानकारक होता. शस्त्रक्रियाही व्यवस्थित पार पडली.

समस्या

पहिले तीन महिने घरात आनंदाचे होते. श्री. क. सकाळी उपवन तलावापर्यंत जाऊन येऊ लागले, भजनी मंडळात पुन्हा पेटी वाजवू लागले आणि सही पूर्वीसारखी मोठी व ठसठशीत झाली. सिंडोपाची मात्रा जवळजवळ निम्म्यावर आली. प्रामिपेक्सोल मात्र होते तेवढेच राहिले.

चौथ्या महिन्यापासून पत्नीला बदल जाणवू लागला. झोप तीन-चार तासांवर आली. रात्री दोन वाजता उठून ते कपाटे रिकामी करत आणि पुन्हा लावत. बोलण्याचा वेग वाढला आणि कोणी मध्ये बोलले की ते चिडत. त्यांनी भजनी मंडळाच्या सभागृहासाठी चार लाखांचा चेक दिला. या वेळी सही जुळली आणि चेक वटला. मग मुरबाडजवळच्या एका जमिनीसाठी त्यांनी दोन लाखांची बयाणा रक्कम देऊन टाकली. घरात हे कळले ते बँकेच्या मेसेजवरून.

मुलगा एकटाच ओपीडीत आला. तो संतापलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याने जे विचारले ते मी त्याच्या शब्दांत नोंदवून ठेवले आहे: “मॅडम, बाबांना न सांगता करंट थोडा खाली आणता येईल का? पुढच्या चेकअपला बॅटरी तपासतो म्हणून सांगा. हे आमचे बाबा नाहीत.”

दुसऱ्या दिवशी श्री. क. पत्नीसह आले. मुलाची काळजी त्यांच्या कानावर घातली तेव्हा ते म्हणाले, “अकरा वर्षं मी खुर्चीत बसून हो-हो म्हणत होतो, तेव्हा कुणी डॉक्टरकडे तक्रार केली नाही. आता एकदा नाही म्हणालो, तर मी आजारी?” त्यांच्या पत्नीचे म्हणणे या दोघांपेक्षा वेगळे होते. “रात्री झोपत नाहीत, भीती वाटते. पण माझ्याशी बोलतात हो. किती वर्षांनी बोलतात.”

कारणांचा शोध

वैद्यकीय दृष्टीने दोन कारणे संभवत होती. सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा वरचा-मागचा भाग हालचालींशी निगडित आहे, तर खालचा-आतला भाग भावना आणि प्रेरणांशी. करंट या खालच्या भागात पसरला तर अतिउत्साहाची अवस्था येऊ शकते. श्री. क. यांच्या डाव्या तारेचा चालू बिंदू सर्वांत खालचा होता, कारण चालण्यात सर्वाधिक सुधारणा त्याच बिंदूवर दिसली होती.

दुसरे कारण प्रामिपेक्सोल. मेंदूत डोपामिनसारखे काम करणाऱ्या या गटातील औषधांमुळे अनावर खर्च, जुगार, अतिखाणे अशा सवयी लागू शकतात हे सर्वज्ञात आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असे वर्तन आढळले, तर न घेणाऱ्यांत ते प्रमाण ६.९ टक्के होते.

तिसरीही शक्यता होती आणि ती आम्ही फळ्यावर पहिल्या दोहोंच्या शेजारी लिहिली, ती म्हणजे एक माणूस दशकभराच्या आजारातून उठला आहे आणि त्याच्या गप्प राहण्याची सवय झालेल्या घराला त्याचे बोलणे जड जात आहे. दानशूरपणा हा काही आजार नव्हे. भजनी मंडळाला पैसे देण्याची इच्छा त्यांनी आजारपणापूर्वीही बोलून दाखवली होती, हे पत्नीने सांगितले. मुरबाडच्या जमिनीबाबत मात्र असे काही नव्हते. साठीनंतर शेती करण्याचा विचार त्यांनी कधीच केला नव्हता आणि ती जमीन त्यांनी पाहिलीही नव्हती.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणे हा पर्याय लवकर बाद झाला. झोपेअभावी प्रकृती ढासळण्याचा धोका होता आणि उत्साहाची अवस्था वाढत गेली असती तर पुढे सक्तीने भरती करण्याची वेळ आली असती. तशी भरती करण्याइतकी परिस्थिती त्या घडीला नक्कीच नव्हती.

मुलाने सुचवलेला मार्ग, म्हणजे न सांगता करंट कमी करणे, यावर बैठकीत बराच वेळ गेला, आणि तो जाणे योग्यच होते. आपल्याकडे रुग्णाला कॅन्सरचे निदान न सांगणारी, चहातून गोळी देणारी कुटुंबे आपण रोज पाहतो. त्यामागे बहुतेकदा माया असते आणि इथेही होती. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की अर्धा मिलिअँपिअर कमी केल्याने चालणे फारसे बिघडणार नाही, पैसे वाचतील, घर वाचेल आणि महिन्याभरात रुग्ण स्वतःच शांत होऊन आभार मानेल. हा युक्तिवाद दुबळा नाही.

तरीही तो नाकारला, आणि त्याचे पहिले कारण कायद्याचे होते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की सज्ञान व सक्षम रुग्णावरील उपचाराला त्याची स्वतःची, पुरेशा माहितीवर आधारलेली संमती लागते. नातेवाइकाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही. पण माझ्या मते दुसरे कारण अधिक वजनदार होते. गोळी रुग्ण थुंकून टाकू शकतो. हे यंत्र त्याच्या डोक्यात आहे आणि त्याची मनःस्थिती काही मिनिटांत बदलू शकते. जो डॉक्टरांना फोन करेल त्याच्या सांगण्यावरून ते वर-खाली होऊ लागले, तर त्या माणसाला स्वतःच्या कोणत्याही भावनेवर पुन्हा विश्वास ठेवता येणार नाही. आज वाईट वाटते आहे ते खरोखर वाईट घडले म्हणून, की कोणी काही बदलले म्हणून, हा संशय त्याच्या मनातून कधीच जाणार नाही.

उरले ते उघडपणे करण्याचे उपाय: प्रामिपेक्सोल हळूहळू बंद करणे, चालू बिंदू एक पायरी वर सरकवणे, करंट कमी करणे आणि बँकेत काही व्यवस्था लावणे. यातील प्रत्येकासाठी श्री. क. यांची संमती हवी होती. म्हणून ती देण्याची किंवा नाकारण्याची क्षमता त्यांच्यात आहे का, हा प्रश्न आधी सोडवणे भाग होते.

कळीचा निर्णय: क्षमता कोणत्या सेटिंगवर तपासायची?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याचे कलम ४ सांगते की माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांची जाणीव असणे आणि निर्णय व्यक्त करता येणे या कसोट्यांवर क्षमता ठरते. त्याच कलमात असेही आहे की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. श्री. क. यांच्यासारख्या रुग्णासाठी हे वाक्य फार मोलाचे आहे.

परंतु कायदा एकच माणूस समोर धरून लिहिलेला आहे. इथे यंत्र चढे असताना एक उत्तर येणार होते आणि उतरते असताना दुसरे.

नेदरलँड्समधील एक प्रकरण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यातील ६२ वर्षांच्या रुग्णाला डीबीएसमुळे उन्माद होत असे आणि करंट कमी केला की उन्माद जाऊन तो अंथरुणाला खिळे. डॉक्टरांनी यंत्र बंद असताना त्याला सक्षम मानून विचारले, आणि त्याने यंत्र चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणे पसंत केले. बैठकीत या प्रकरणाचा दाखला दिला गेला आणि यंत्र बंद करूनच विचारावे असा आग्रहही झाला. मला तो पटला नाही. यंत्र बंद केल्यावर उरतो तो पार्किन्सन्स, आणि पार्किन्सन्सही मनावर परिणाम करतो. त्या अवस्थेतील उदासीनता आणि भीती म्हणजे ‘मूळ माणूस’ असे मानायला आपल्याला काहीच आधार नाही.

अखेर दोन्ही अवस्थांत विचारायचे ठरले. श्री. क. यांना हेतू सांगितला आणि त्यांनी लेखी संमती दिली. दोन वेगवेगळ्या भेटींत तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. पहिली भेट चालू सेटिंगवर झाली. ते जोरात आणि भरभरून बोलले, मुरबाडच्या जमिनीचा नकाशा कागदावर काढला आणि सही केली, ती अर्धे पान व्यापणारी. दुसऱ्या भेटीत करंट उतरवल्यावर अर्ध्या तासात आवाज पुटपुटण्यावर आला. त्याच प्रश्नांना त्यांनी एकेका शब्दात उत्तरे दिली. “मंडळाला कशाला पैसे. कशाला काही.” सही पुन्हा मुंगीएवढी झाली होती. ते दोन्ही कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

पैशांबाबत उत्तरे उलटसुलट होती. पण काही गोष्टी दोन्ही कागदांवर सारख्या होत्या. पत्नीच्या नावावरील ठेव मोडायची नाही, चालणे गमवायचे नाही आणि आपल्याला न सांगता कोणी काहीही बदलायचे नाही. पथकाने ठरवले की उपचाराचा पाया म्हणून हीच सामायिक उत्तरे घ्यायची. उपचाराविषयीचा निर्णय घेण्यास ते दोन्ही अवस्थांत सक्षम आहेत, असा निष्कर्ष मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवला. मोठ्या आर्थिक व्यवहारांबाबत मात्र चढ्या अवस्थेत त्यांना परिणामांचे भान पुरेसे राहत नाही, हेही त्यांनी लिहिले आणि ते श्री. क. यांना वाचून दाखवले.

केलेली कार्यवाही

आधी प्रामिपेक्सोल कमी करायला घेतले. हे औषध एकदम थांबवल्यास चिंता, नैराश्य आणि अस्वस्थता उद्भवू शकते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवले. नंतर डाव्या बाजूचा चालू बिंदू एक पायरी वर घेतला आणि करंट ३.४ वरून २.८ मिलिअँपिअरवर आणला. हा बदल श्री. क. यांच्यासमोर, स्क्रीन त्यांच्याकडे वळवून आणि प्रत्येक आकडा वाचून केला. बदल नको वाटल्यास चार आठवड्यांनी मागे जाता येईल, हे लेखी दिले.

बँकेची बाजू त्यांनी स्वतः सुचवली. निवृत्तीची रक्कम असलेले खाते पती-पत्नी दोघांच्या सहीने चालेल असे केले. मुलाची सही त्यांनी मुद्दाम नको म्हणून सांगितली. मुलाला ते लागले, पण त्याने मान्य केले.

यंत्रातील नोंद आणि वकिलाचा प्रश्न

बयाणा परत मिळवण्यासाठी मुलाने वकिलाचा सल्ला घेतला होता. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२ नुसार करार करताना माणूस शहाणपणाने निर्णय घेण्याच्या स्थितीत असावा लागतो. वकिलाला कुठून तरी कळले की नवी डीबीएस यंत्रे मेंदूतील संकेतही नोंदवतात. मग रुग्णालयाकडे विनंती आली की त्या आठवड्यातील नोंदींची प्रिंट द्यावी, म्हणजे ‘मेंदू बिघडलेला होता’ हे दाखवता येईल.

नोंद होती हे खरे. यंत्र बीटा पट्ट्यातील, म्हणजे साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या लहरींची तीव्रता दर दहा मिनिटांच्या सरासरीने साठवत होते. पण ही लहर स्नायूंच्या ताठरपणाशी आणि मंद हालचालींशी जोडलेली आहे. माणूस उत्साहात होता की विवेकात, हे त्या आलेखातून कोणालाही सांगता येणार नाही. आलेख तारखेसह न्यायालयात गेला असता तर त्याला अवाजवी वजन मिळाले असते. ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. सेल्वीचा निकाल फौजदारी तपासाबद्दल आहे, दिवाणी वादातील मुलाच्या मागणीला तो थेट लागू होत नाही. तरी माणसाच्या मनातले त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढायचे नाही, हा त्यातील विचार आम्हाला मार्गदर्शक वाटला.

व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर आधारलेला आहे, पण मेंदूतील माहितीला त्यात वेगळे स्थान नाही. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीचे संरक्षण घातले. आपल्याकडे ही जबाबदारी सध्या रुग्णालयाच्या धोरणावर येऊन पडते, आणि बहुतेक ठिकाणी असे धोरणच नसते. आम्ही लेखी उत्तर दिले की रुग्णाच्या स्वतःच्या लेखी संमतीशिवाय नोंद दिली जाणार नाही आणि दिली तरी तिच्यातून क्षमतेविषयी काही सिद्ध होत नाही. श्री. क. यांनी संमती दिली नाही. “जमिनीची चूक माझी असेल तर माझी म्हणू दे. मशीनची नको,” असे ते म्हणाले.

परिणाम

दोन महिन्यांत झोप सहा तासांवर आली. कपाटे लावणे थांबले. जमिनीचा व्यवहार श्री. क. यांनी स्वतःच मागे घेतला, बयाण्यापैकी निम्मी रक्कम परत मिळाली आणि उरलेली बुडाली. मंडळाला दिलेले पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत.

किंमतही मोजावी लागली. सकाळचे चालणे उपवनपर्यंत होत नाही, निम्म्या वाटेवरून ते परत फिरतात. आवाज थोडा उतरला. त्यांनी एका भेटीत सांगितले की ते चार महिने त्यांना आठवतात आणि पेटी वाजवताना जे वाटायचे ते आता तितके वाटत नाही. आम्ही मागे जाण्याचा पर्याय पुन्हा समोर ठेवला. पत्नीशी बोलून त्यांनी तो नाकारला. ही खंत आहे आणि ती राहील. तिला दुष्परिणामांच्या रकान्यात लिहून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही.

मुलाचे मत आजही असे आहे की पहिल्याच दिवशी करंट कमी केला असता तर एक लाख रुपये वाचले असते. हिशेब म्हणून ते खरे आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतीपत्रात होती. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणे हे धोके त्यात सविस्तर होते, मात्र स्वभावातील बदलाला एकच ओळ होती. ‘तुमच्यात बदल झाला आणि तो तुम्हाला आवडला, पण घरच्यांना नाही, तर आम्ही कोणाचे ऐकावे?’ हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ५ नुसार पूर्वनिर्देश, म्हणजे पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत याची सूचना, आधीच लिहून ठेवता येतो आणि कलम १४ नुसार प्रतिनिधी नेमता येतो. शस्त्रक्रियेच्या निर्णयापासून ती होईपर्यंत काही आठवडे मिळतातच, आणि त्या काळात हे काम सहज होते.

प्रामिपेक्सोलची मात्रा पहिल्याच महिन्यात पाहायला हवी होती. सिंडोपा कमी होत असल्याचे समाधान इतके होते की दुसऱ्या गोळीकडे लक्ष उशिरा गेले.

कुटुंबाची तयारी करण्यातही कमी पडले. अकरा वर्षांत घरातील अधिकार मुलाकडे गेले होते. वडील बरे झाल्यावर ते अधिकार परत कसे द्यायचे, यावर कोणीही त्या घराशी बोलले नाही. जे भांडण यंत्रावरून झाले त्यातील बराच भाग चेकबुकावरून होता, असे मला वाटते. पहिल्या प्रोग्रामिंगच्या वेळीच पती, पत्नी आणि मुले यांच्यासोबत एक बैठक ठेवली असती तर मुलगा एकटा, चोरून ओपीडीत आला नसता.

आता या रुग्णालयात डीबीएसच्या प्रत्येक रुग्णाकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या जातात: बदल कोणाच्या सांगण्यावरून तपासायचा, यंत्रातील नोंद कोणाला दाखवायची आणि कोणती गोष्ट कोणत्याही सेटिंगवर करू द्यायची नाही. एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. मेंदूतील लहरी पाहून करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. श्री. क. यांच्या मुलीने याच पद्धतीबद्दल विचारले. त्यात प्रत्येक बदल स्क्रीन वळवून दाखवता येणार नाही, कारण तो दिवसभर होतच राहील. त्यामुळे संमती घ्यावी लागेल ती वरच्या आणि खालच्या मर्यादेसाठी. त्या मर्यादा कोणत्या अवस्थेतल्या श्री. क. यांना विचारून आखायच्या, यावर पथकात अजून एकमत झालेले नाही.